मामंजींचा पाइप आणि माझी मिश्री

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात सांगलीहून माझ्या भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. तिला पाचवा महिना चालू आहे, त्यामुळे माझ्या काळजात धस्स झालं. म्हटलं, "काय गं, तब्येत बरी ना?" तर म्हणाली, "मावशी, तब्येत बरी आहे. घराला वास येतोय, तो कसा घालवू तेवढं सांग."

विश्रामबागेत तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. सासूबाई गेल्यापासून सासरे एकटे पडले, म्हणून ते आता मुलाकडे राहायला आले आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब, ताटात पडेल ते गोड मानून खाणारे. शौक एकच, पाइप. जेवण झालं की बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसायचं आणि पाइप पेटवायचा. पडद्यांना वास, उशांना वास, बाळासाठी आत्तापासून शिवून ठेवलेल्या दुपट्यांनासुद्धा वास. "त्यांना कसं सांगू मावशी? एवढे चांगले आहेत. तू आपला काहीतरी घरगुती उपाय सांग."

घरगुती उपाय! मला हसू आलं आणि पाठोपाठ पोटात कळही आली. हाच प्रश्न घेऊन चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी मी साताऱ्यात घरभर फडकी घेऊन फिरत होते. फोनवर तिला दोन-चार उपाय सांगितले. पण सांगायचं होतं ते राहूनच गेलं. ते आज तुम्हाला सांगते.

१९७८ साली लग्न होऊन मी सांगलीची सातारकर झाले. घर शनिवार पेठेत, जुन्या धाटणीचं. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. घरात मोठे दीर-जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं, मामंजी आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणायचो. मामंजी फौजेतले. सातारा जिल्ह्यात फौजी घराचं नवल नाही, पण आमचे मामंजी मराठा पलटणीबरोबर १९४४ साली इटलीत लढून आलेले. तिथेच कोण्या साहेबाने त्यांना पाइप दिला, तो पुन्हा तोंडातून सुटला नाही. बिड्या ओढणारे पेठेत पुष्कळ, पण पाइप ओढणारे सुभेदार एकटे आमचेच. सोप्यात भिंतीला टेकून त्यांची आरामखुर्ची. शेजारी तिवईवर तंबाखूचा पत्र्याचा डबा, काड्यापेटी आणि पाइपची नळी साफ करायला कोंबडीची पिसं.

खरं सांगू का? मला नवी नवरी म्हणून तो वास आवडला होता. पाइपच्या तंबाखूला साखरेचं, मधाचं, कधी व्हॅनिलासारख्या सुवासाचं पाणी दिलेलं असतं. डबा उघडला की भिजवलेल्या मनुकांसारखा वास यायचा. पाहुणे तर म्हणायचे, "वा, काय छान सुगंध!" पाहुण्यांचं काय जातं? ते तासाभराने आपल्या घरी जातात. आपण सकाळी सोपा झाडायला येतो तेव्हा त्या सुगंधाचं काय झालेलं असतं, ते घरच्या बाईला विचारा. आंबूस, करपट, ओल्या राखेसारखा वास. त्यातून साताऱ्याचा पावसाळा. यवतेश्वराकडून ढग उतरले की महिना-महिना ऊन नाही, दारं-खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे दमट. घोंगडीत आणि मच्छरदाणीत तर वास असा मुरायचा की रात्री पांघरूण नाकाशी ओढवत नसे.

मग माझे प्रयोग सुरू झाले. आधी ऊद, धूप, उदबत्ती. त्याने एवढंच झालं की घरात एकाऐवजी दोन वास आले. आणि धुरावर धूर घालून हवा कशी स्वच्छ होणार, हा विचार तेव्हा मला सुचला नाही. मग सोप्यात ओले पंचे वाळत घालून पाहिले. दुसऱ्या दिवशी पिळताना पाणी पिवळसर निघालं. वास थोडा कमी झाला, पण जाऊबाई म्हणाल्या, "सोप्यात पंचे वाळत घालतात का गं कुणी? आल्यागेल्याला काय दिसेल?" तेही बंद.

खुर्चीच्या वर भिंतीवर चहा सांडल्यासारखा एक डाग पडला होता. दिवाळीला सगळ्या घराला चुना दिला, डागावर दोन हात जास्त दिले. पंधरा दिवसांत डाग पुन्हा वर! तुमच्याकडे असा डाग असेल तर आधी रंग देऊ नका. धुरातला चिकटा भिंतीत मुरलेला असतो, तो ओल्या रंगातून वर येतो. जुना चुना खरवडून काढायचा, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्याने घासायचं, स्वच्छ पाण्याने पुसून भिंत खडखडीत वाळू द्यायची आणि मगच रंग. हातात रबरी मोजे घाला, मी घातले नव्हते आणि आठ दिवस बोटं सोलत होती.

काच, पत्रा, फरशी यांना लिंबाचं पाणी किंवा व्हिनेगर उत्तम. यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. तंबाखूतलं निकोटिन क्षाराच्या जातीचं असतं, आंबट पाणी त्याला बांधून घेतं आणि ते फडक्यावर निघून येतं. चुना मात्र उलट काम करतो, निकोटिन मोकळं करतो. म्हणून तर तंबाखू खाणारी माणसं ती चुन्यात मळून खातात. कपाटात एका वाटीत लाकडी कोळशाचे तुकडे ठेवावेत, गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरून चार तासांनी झटकावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइपच्या तळाशी जो ओला काळा चोथा उरतो तो रक्षापात्रात तसाच राहू देऊ नये. निम्मा वास त्याचाच असतो. मी एका डालड्याच्या डब्यात वाळू घालून तो मामंजींच्या तिवईखाली ठेवला होता. चोथा त्यात टाकायचा आणि झाकण लावायचं. मामंजी शिस्तीचे, त्यांनी ते लगेच पाळलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की! हेच तर भाचीने विचारलं होतं. हो, पण मी हे सारं करत होते तेव्हा माझा मुलगा त्याच सोप्यात, त्याच खुर्चीखाली, जाजमावर रांगत होता.

तो १९८१ च्या ऑक्टोबरात झाला. वजन जेमतेम दोन किलो. नऊ महिन्यांचा झाला तसा पावसाळा लागला आणि त्याची छाती घरघरायला लागली. रात्र-रात्र मी त्याला खांद्यावर टाकून माजघरात फेऱ्या घालायची. तुळस, ओवा, छातीला शेक, सगळं झालं. शेवटी डॉक्टरांकडे नेला. त्यांनी छाती तपासली आणि औषध लिहिता लिहिता विचारलं, "घरात धूर कसला होतो?" मी म्हटलं, "चूल नाही आता, गॅस आहे." ते म्हणाले, "मग कोण ओढतं?"

रस्त्याने येताना मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही मामंजींना सांगा." हे गप्प. राजपथावरून घरापर्यंत एक शब्द नाही. आमच्या घरात मुलगे वडिलांसमोर खुर्चीवर बसत नसत, तिथे "पाइप बाहेर ओढा" असं सांगणार कोण? आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी दिवेलागणीला पदर सारखा करून मी सोप्याच्या उंबऱ्यात उभी राहिले.

"मामंजी, एक सांगायचं होतं."

"बोल की."

"डॉक्टर म्हणाले, बाळाला धूर सोसत नाही. तुम्ही पाइप परसात ओढाल का?"

दीरांनी वर्तमानपत्रात तोंड घातलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घरावर दरोडाच घातला आहे. मामंजींनी पाइप हळूच तिवईवर ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "डॉक्टरनं पाइपचं नाव घेतलं?"

"नाही. धूर म्हणाले."

"मग धूर काय माझा एकट्याचाच हाय का ह्या घरात? परवा तुझ्या आत्याबाईनं तवा तापवला, तवा पोरगं किती खोकलं, मोजलं हुतंस?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि धाकटे, पहाटं परसात तू काय लावतीस त्ये मला म्हाईत न्हाई असं वाटतं? अडतीस वर्सं तंबाखू ओढतोय मी. तंबाखूचा वास मला भिंतीपलीकडनं कळतो."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं.

मैत्रिणींनो, मी मिश्री लावत होते. कोणी तिला मशेरी म्हणतात. आमच्याकडे सांगली-साताऱ्याला, कोल्हापूरकडे, हे घरोघर होतं आणि पुष्कळ घरांत आजही आहे. माझं माहेर सांगलीच्या वखारभागात. घराभोवती हळदीच्या पोत्यांचा वास आणि घरात आजीच्या मिश्रीचा. जयसिंगपूर-निपाणीकडची तंबाखू आणायची, जुन्या तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. भाजताना शेजारच्या तीन घरांना ठसका लागायचा. मी अकरा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आजीने बोटभर मिश्री लावून दिली. दाढ थांबली. पण बोट थांबलं नाही.

सासरी आले तर आत्याबाईंचीही डबी! दर पंधरा दिवसांनी त्या तवा ठेवायच्या. जाऊबाई शहरातल्या, त्यांना हे गावंढळ वाटे. मग पहाटे परसातल्या दगडावर आम्ही दोघीच. आत्याबाई डबी पुढे करायच्या, "घे गं, डोकं उतरंल." सासू-सुनेचं आमचं जमलं ते त्या डबीवर जमलं, हे कबूल करायला आज लाज वाटते, पण खरं आहे. बाळाच्या वेळी नऊही महिने मी मिश्री लावत होते. उलट कळमळायचं म्हणून जास्तच. बाळ दोन किलोचं झालं तेव्हा सगळे म्हणाले, सुनेच्या अंगात रक्त नाही. मिश्रीचं मला कोणी विचारलं नाही आणि मी होऊन सांगितलं नाही. ते ओढणं थोडंच होतं? ते दात घासणं होतं!

आज डॉक्टर स्पष्ट सांगतात की मिश्रीतलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं आणि वारेतून बाळाला पोचतं, मूल कमी वजनाचं होतं. तोंडाच्या कर्करोगाचं तर सांगायलाच नको. भाजून तिचं विष कमी होत नाही, करपल्यामुळे आणखी भर पडते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात १०० प्रौढांमागे जवळजवळ २७ जण तंबाखूचं काही ना काही घेणारे निघाले. त्यांत ओढणारे सुमारे ४, बाकी बहुतेक सगळे खाणारे आणि लावणारे. म्हणजे धुराच्या वासावरून शोधायला गेलात, तर आपल्या घरातली बरीचशी तंबाखू सापडणारच नाही.

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी उठून पाहते तर सोप्यात खुर्ची नाही! मामंजींनी स्वतः उचलून ती परसात लाकडं ठेवायच्या पत्र्याखाली नेली होती. पावसात, डोक्याला कानटोपी घालून, पाइप ओढत बसले होते. मला पाहून म्हणाले, "मी माझी पोस्ट बदलली. आता तुझी डबी कुठं हाय?"

मी आत गेले आणि डबी मोरीत ओतली.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण तसं होत नाही. पत्र्याखालचा धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ आत यायला लागला, म्हणून खुर्ची आणखी पुढे पेरूच्या झाडाखाली गेली. थंडीत मामंजी दोनदा गुपचूप सोप्यात ओढताना सापडले. मी तिसऱ्याच दिवशी कपाळ धरून बसले. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, लेकरावर विनाकारण वसकन ओरडायची. लवंग चघळली, बडीशेप चघळली, कडुनिंबाची काडी धरली. सहा महिने निभावलं आणि सांगलीला मामेबहिणीच्या लग्नात आजीच्या डबीत पुन्हा बोट गेलं. परत आल्यावर मामंजींनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "सांगलीची हवा लागली वाटतं." शेवटी १९८४ साली मुलीच्या वेळी दिवस राहिले ते कळल्या दिवसापासून जी सोडली ती आजतागायत. मुलगी पावणेतीन किलोची झाली. आता एका बाळंतपणावरून शास्त्र ठरत नाही, हे मलाही कळतं. मुलाची छाती पुढे वयाबरोबर सुधारली, तरी थंडीत अजून तो पंप जवळ ठेवतो. ते धुरामुळे की मिश्रीमुळे की नशिबामुळे, मला सांगता येणार नाही. मी विचारत मात्र राहते.

आत्याबाईंनी मिश्री शेवटपर्यंत सोडली नाही. "माजं आता काय राह्यलंय?" म्हणायच्या. एवढंच केलं की तवा परसाच्या पार टोकाला तीन दगडांवर ठेवू लागल्या. त्यांचं नि माझं पहाटेचं बसणं मात्र तुटलं. एकदा मला म्हणाल्या, "तू सुदारलीस गं, मी एकटी पडले." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी माझा चहाचा कप घेऊन त्या दगडावर जायला लागले.

मामंजी १९९१ साली गेले. पाइप परसातच ओढला, पण शेवटपर्यंत ओढला. पाइपवाले धूर छातीत घेत नाहीत म्हणून त्यांना काही होत नाही, असं तेव्हा शिकलेली माणसंही म्हणत. ते खरं नाही. तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग पाइपनेही होतो, आणि खोलीत पसरणारा धूर तर सगळ्यांनाच घ्यावा लागतो. मजा पाहा, मी सोप्याची भिंत घासत होते त्याच सुमारास, १९८१ च्या जानेवारीत, जपानच्या हिरायामा नावाच्या शास्त्रज्ञाने आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. ९१,५४० बायका, स्वतः कधी न ओढणाऱ्या. ज्यांचे नवरे सिगारेट ओढत होते त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त निघालं. पुढे २००६ साली अमेरिकन सरकारच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं की खिडकी उघडून, पंखा लावून, वेगळ्या खोलीत बसून हा धोका जात नाही. घराच्या आत ओढणं बंद करणं हा एकच उपाय. आणि वास येतो म्हणजे काय, हे २०१० साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या लोकांनी दाखवलं. भिंतीवर, कापडावर बसलेलं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिसळून कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं तयार करतं. म्हणजे पाइप विझून तास झाले तरी काम चालूच. आणि जाजमावर कोण रांगतं? हात तोंडात कोण घालतं?

आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून कचेरीत, हॉटेलात, एस.टी. स्टँडवर ओढायला बंदी आली. घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र कायदा येत नाही. तिथे कोणीतरी पदर सारखा करून उभंच राहावं लागतं. फक्त उभं राहण्याआधी आपली डबी तपासलेली बरी.

भाचीला मी फोनवर पडदे धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालायला सांगितलं, दुपटी पुन्हा गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायला सांगितली, भिंतीचं सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. मग मी विचारलं, "तुझं स्वतःचं काही नाही ना गं?" पलीकडे शांतता. मग म्हणाली, "मावशी, अगदी थोडी. आईच पाठवते."

म्हणून मी उद्या सकाळच्या गाडीने निघाले आहे. कऱ्हाड, पेठनाका, इस्लामपूर, आष्टा करत दुपारपर्यंत सांगली. आधी भाचीशी बोलायचं आहे, मग तिच्या आईशी, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीशी, आणि सगळ्यात शेवटी व्याह्यांशी. मोती चौकातून अर्धा किलो कंदी पेढे आणून ठेवलेत. व्याही गोडाचे शौकीन आहेत म्हणे.